वाचलेल्या बाईचा केसपेपर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं, की दोन रात्री तुझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. सोमवारी रात्रीची ती बाई. बाळंतपण झालं, वार पडली आणि मग रक्त थांबेना. सात बॅगा चढल्या, शेवटी गर्भपिशवी काढावी लागली. आता ती उठून बसतेय, बाळाला जवळ घेतेय. तू म्हणालीस, "मॅडम, बाई वाचली, सगळे खूश आहेत. आणि सरांनी मला निअर मिस रिव्ह्यूची नोडल ऑफिसर केलंय. वाचलेल्या बाईचं आता काय उकरून काढू? लोक म्हणतील, हिला दुसरी कामं नाहीत." तुला राउंडची घाई होती, मलाही फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. आपण लेबर रूममधली माणसं हे इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ कानाआड होतो. तुझी बाई मात्र खरोखर त्या दारापर्यंत जाऊन आलीय. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत जी मरणाच्या दारातून परत आली, ती निअर मिस. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तिचे निकष ठरवले. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना डिसेंबर २०१४ च्या आहेत. लक्षणं, तपासण्या आणि उपचार या तिन्ही गटांतला किमान एकेक निकष बसला पाहिजे, किंवा हृदय-श्वास बंद पडायची वेळ आलेली असेल तर तो एकच पुरतो. तुझ्या बाईच्या बाबतीत शंकेला जागा नाही. पण काठावरची केस आली तर निकषांवर तास घालवू नका. "ही खरंच निअर मिस का" हा वाद बहुतेकदा पुढचा वाद टाळण्यासाठी घातला जातो, असा माझा अनुभव आहे.

आता तुझा मूळ प्रश्न, की उकरायचं कशाला. आधी साधा हिशेब कर. २०१४-१६ मध्ये महाराष्ट्राचा माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६१ होता, २०१८-२० मध्ये तो ३३ वर आला. याचा आनंद मला तुझ्याहून जास्त आहे, कारण मी ते जुने दिवस पाहिलेत. पण ज्या रुग्णालयात वर्षाला सहा हजार बाळंतपणं होतात, तिथे या दराने वर्षाला दोन मृत्यू येतात. मोठ्या रुग्णालयात बाहेरून रेफर झालेल्या बाया येतात म्हणून प्रत्यक्षात जास्त दिसतील, तरी बोटावर मोजण्याइतकेच. दोन घटनांवरून तू काय शिकणार? एक रक्तस्रावाची निघाली, एक हृदयरोगाची, की वर्ष संपलं. वाचलेल्या बाया त्याच्या कितीतरी पट असतात. आणि त्यांना मरणाच्या दाराशी नेणाऱ्या वाटा बहुतेक त्याच असतात, ज्यांनी त्या दोघी गेल्या.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मृत्यूच्या चौकशीत मी बसलेली आहे, अनेकदा. त्या खोलीत सगळ्यांची तोंडं शिवलेली असतात. बाहेर नातेवाईक, आत कलेक्टरांकडे जायच्या फाइलची घाई, आणि प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट, की माझं नाव कुठे येता कामा नये. केसपेपर आधीच 'पूर्ण' झालेला असतो. पूर्ण कसा होतो ते तुला माहीत आहे. बाई वाचलेली असते तेव्हा तीच माणसं बोलतात. सिस्टर सांगते की त्या रात्री ती एकटी होती. भूलतज्ज्ञ सांगतो की त्याला फोन किती वाजता आला. आणि ज्या साक्षीदाराला आपण मृत्यूनंतर कधीच विचारू शकत नाही, ती स्वतः खाटेवर बसलेली असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण ज्याला ठेच लागली त्यालाच कधी विचारलं नाही, की बाबा, दगड नेमका कुठे होता, तर मागचा शहाणा होणार कसा?

मला हे कोणी शिकवलं ते सांगते. एका म्हातारीने.

मी तेव्हा नवी लेक्चरर होते. निअर मिस हा शब्दही आमच्याकडे आला नव्हता. तालुक्याच्या गावाहून एक पहिलटकरीण आली, बावीस वर्षांची, बाळंतपणानंतर रक्तस्राव. रात्री सव्वा वाजता रक्त मागवलं, पहिली बॅग लागली पावणेचारला. बाई कशीबशी वाचली, नंतर किडनीमुळे तीन आठवडे आमच्याकडे राहिली. केसपेपरवर लिहिलं होतं, "नातेवाइकांना रक्ताची व्यवस्था करण्यास सांगितले. नातेवाइकांकडून विलंब." मी ते वाचलं, मलाही ते पटलं, आणि विषय संपला.

दहाव्या दिवशी तिची आई माझ्याजवळ बसली होती, तेव्हा मी सहज विचारलं, "आजी, त्या रात्री रक्त आणायला एवढा उशीर का झाला हो?" म्हातारी रडायलाच लागली. नवरा गावाकडे पैसे आणायला गेलेला, ती एकटी होती. तिच्या हातात कोणीतरी चिठ्ठी आणि रक्ताची बाटली दिली आणि सांगितलं, "पेढीत जा, लवकर." रक्तपेढी आमच्याच आवारात होती, मागच्या इमारतीत. पण म्हातारीला पेढी माहीत होती ती एकच, पतपेढी. ती गेटबाहेर गेली. रिक्षावाल्याला विचारलं, त्याने बोट दाखवलं. रात्री दीड वाजता ती पतपेढीच्या बंद शटरसमोर पायरीवर बसली, उघडायची वाट बघत. पदराखाली ती बाटली धरून, थंडीने रक्त गोठू नये म्हणून. शेवटी गस्तीच्या पोलिसाने विचारपूस केली आणि तिला परत आणून सोडलं.

केसपेपरवर ते दोन शब्दांत होतं. नातेवाइकांकडून विलंब.

त्यानंतर आम्ही एकच नियम केला. बाळंतिणीसाठी रक्त आणायला नातेवाईक जाणार नाही, रुग्णालयाचं माणूस जाईल, आणि ते निघायच्या आधी रक्तपेढीला फोन जाईल. रक्तस्रावाच्या ट्रेमध्येच मागणीचा फॉर्म आणि नमुन्याच्या बाटल्या ठेवल्या. ऐकायला किती साधं आहे बघ. तरी "रात्री कोणी जायचं" यावर तीन महिने वाद झाला, कारण मावशी म्हणायच्या वॉर्ड सोडून जाता येत नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं. शेवटी कॅज्युअल्टीच्या वॉर्डबॉयवर ते काम आलं. त्या वर्षी रक्त हातात यायला लागणारा वेळ खूप उतरला. एका म्हातारीला एक प्रश्न विचारल्याने.

म्हणून रिव्ह्यू कसा करायचा हे विचारशील, तर पहिलं काम हे, की केसपेपरवर विश्वास ठेवू नकोस. खोटा असतो म्हणून नव्हे. धावपळीत नंतर बसून, आठवून लिहिलेला असतो म्हणून. एक मोठा कागद घे आणि डावीकडे फक्त वेळा लिही. कधी आली, कधी पहिल्यांदा पाहिली, नाडी कधी मोजली, रक्त कधी मागवलं, कधी लागलं, सिनिअरला पहिला फोन कधी गेला. मग प्रत्येक ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी लावून बघ. लेबर रूमचं रजिस्टर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, रक्तपेढीचं रजिस्टर, १०८ च्या गाडीची नोंद, तुझ्या मोबाइलमधले कॉल. एकदा माझा हा कागद काही केल्या जुळेना. रक्तपेढीत मागणी पोचायच्या आधीच लेबर रूममध्ये रक्त मिळालं होतं, असं दिसायचं. शेवटी आम्ही उठून भिंतीवरची घड्याळं बघितली. लेबर रूमचं घड्याळ बारा मिनिटं मागे होतं आणि रक्तपेढीचं चार मिनिटं पुढे. रक्तस्रावात बारा मिनिटं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

कागद तयार झाला की रिकाम्या जागा बघ. नोंदींपेक्षा त्याच जास्त बोलतात. आणि नोंदीतले आकडे परत एकदा नव्या नजरेने बघ. बारा चाळीसला नाडी १२४, बीपी १००/७०, आणि पुढे "जनरल कंडिशन फेअर". तरुण बाईचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, मग एकदम सोडतं. नाडीला वरच्या बीपीने भागून बघ, ०.९ च्या वर गेलं की घंटा वाजली पाहिजे. इथे १.२४ आहे. फेअर म्हणणाऱ्या पोराला रागवू नकोस. त्याला कोणी भागाकार शिकवला नव्हता, हे तुझं निदान आहे.

तसंच बीपीच्या तक्त्याचं. झटके येऊन बेशुद्ध झालेल्या एका बाईचा तक्ता मी अजून विसरले नाही. दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत दर चार तासांनी १२०/८०, १२०/८०, १२०/८०, एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेलं. साडेदहाला पहिला झटका, तेव्हा बीपी १८०/११०. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं, संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि हे तिने दोघींना सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, पडून राहा. आता "सिस्टरने खोट्या नोंदी केल्या" इथे थांबलीस तर एक मेमो निघेल आणि पुढच्या महिन्यात १२०/८० ऐवजी ११८/७८ लिहिलेलं येईल. तिथून पुढे विचार. का लिहिलं? मशीन नव्हतं. का नव्हतं? एकच होतं, त्याचा कफ फाटलेला, ते दुरुस्तीला गेलं होतं. दुसरं का नाही? मागणी दोन महिन्यांपूर्वी दिली होती, ती स्टोअरमध्ये पडून. आणि मशीन असतं तरी त्या पाळीला चाळीस बायांमागे एक सिस्टर होती. काजव्यांचं ज्यांना सांगितलं त्या दोघी कोण? एक मावशी, एक शिकाऊ मुलगी. "डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय" हे ऐकलं की पळत येऊन सांगायचं, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. 'का' विचारत अशा जागी पोचायचं, जिथे आपल्याला हात घालता येतो. कोण, हा प्रश्न तुला एका माणसापाशी नेऊन सोडतो, आणि माणूस बदलीवर गेला की चूक तिथेच राहते.

खरोखर हलगर्जीपणा झालेला असेल, कोणी दारू पिऊन आला असेल, पैसे मागितले असतील, तर त्याला वेगळी वाट आहे आणि ती तू निर्धाराने चाल. पण ती या बैठकीत मिसळू नकोस. एकदा मिसळलीस, की या खोलीत पुन्हा कोणी खरं बोलणार नाही.

बैठकीबद्दल थोडं. नावं काढून टाक, बाईचंही आणि कर्मचाऱ्यांचंही. भूलतज्ज्ञ, रक्तपेढीचे डॉक्टर, फिजिशियन आणि इनचार्ज सिस्टर, एवढे हवेतच. सिस्टर नसेल तर बैठक घेऊच नकोस. बोलायची सुरुवात सगळ्यात ज्युनिअर माणसापासून कर. एकदा प्रोफेसर बोलले, की मग सगळ्यांचं मत तेच असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची अशी गोपनीय तपासणी चालू आहे, केरळमध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून ती सुरू केली. दोन्ही ठिकाणी ती टिकली, कारण बोलणाऱ्याचं नाव बाहेर गेलं नाही.

आणि इतिवृत्त लिहिताना एक वाक्य कधीही लिहू नकोस. "संबंधितांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या." माझ्या तीस वर्षांत या वाक्याने एकही बाई वाचलेली मी पाहिली नाही. त्याऐवजी लिही, कोणती वस्तू किंवा कोणता नियम, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढची बैठक त्याच यादीने सुरू कर, नवी केस नंतर. दोनच गोष्टी ठरव, पण झाल्या पाहिजेत. "लेबर रूममध्ये फ्रीज" ही गोष्ट आहे. गर्भपिशवी आवळण्यासाठी द्यायचं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात ते उघड्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेलं असतं. मग आपण म्हणतो, इंजेक्शन देऊनही पिशवी आवळली नाही.

तुझ्या बाईच्या केसमध्ये माझा अंदाज आहे की तुला एक जागा सापडेल, ती म्हणजे रक्त किती गेलं याचा अंदाज. आपण सगळे डोळ्यांनी मोजतो आणि कमी मोजतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी भोवतालच्या खेड्यांत काम करताना यावर एक साधी गोष्ट वापरात आणली. बाळंतिणीच्या खाली अंथरायचं प्लॅस्टिक, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. २००६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की डोळ्यांचा अंदाज प्रत्यक्षाहून साधारण एक तृतीयांश कमी भरतो. म्हणजे तू पाचशे म्हणतेस तेव्हा साडेसातशे गेलेलं असतं. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशी खुणांची पिशवी वापरून, रक्तस्राव दिसताक्षणी मसाज, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदम करून बघितलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू हे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. दोन लाखांहून जास्त बायांचा अभ्यास आहे. आपल्या बेळगावात रुजलेली कल्पना आफ्रिकेतल्या बायांचे जीव वाचवतेय, आणि आपल्या जिल्ह्याच्या लेबर रूममध्ये अजून "साधारण दोन पॅड भिजले" लिहिलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या पहिल्या बैठकीतून एवढी एक पिशवी आली तरी पुरे.

रुग्णालयाच्या दाराबाहेरच्या गोष्टीही तुझ्या कागदावर येतील. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलगी माहेरी येते. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सासरी कपाटात राहतं, आणि सहाव्या महिन्यात बीपी वाढलेलं होतं हे सांगणारी आशाताई दुसऱ्या जिल्ह्यात. बीडकडच्या ऊसतोड बायांचं तर याहून अवघड. दसऱ्यानंतर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कारखान्यावर जातो, तिथल्या पालावर तिसरा ट्रायमेस्टर निघतो. "दवाखान्यात का आली नाहीस?" याला उत्तर मिळतं, "खाडा पडंल की." खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, आणि आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. हे तुझी कमिटी बदलू शकत नाही आणि त्याचा आव आणू नकोस. पण फॉर्मवर ते जसंच्या तसं, तिच्या शब्दांत लिही. "रुग्ण उशिरा आली" असं लिहिलंस की दोष तिच्या माथी जातो. "खाडा पडेल म्हणून आठ दिवस अंगावर काढलं" असं लिहिलंस की जिल्ह्याच्या बैठकीत कोणालातरी कारखान्याशी बोलावं लागतं. आणि तुझ्या हातातलं एक आहेच. दाखल करतानाच "कार्ड कुठे आहे" विचारून नवऱ्याला त्याचा फोटो मोबाइलवर पाठवायला सांगता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

रेफर करणाऱ्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, लेखी विचारणा पाठवू नकोस, फोन कर. आणि पहिलं वाक्य, त्यांनी काय बरोबर केलं याचं असू दे. त्या झटक्यांच्या बाईनंतर आठवड्याभराने एका पीएचसीतून दुसरी तशीच बाई आली. तिथल्या डॉक्टरने दोन्ही कुल्ल्यांत झटके रोखणारं मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) पाच-पाच ग्रॅम देऊन, चिठ्ठीवर वेळ घालून पाठवलं होतं. ती वाटेत झटक्याविना आली. मी त्याला फोन करून सांगितलं, "डॉक्टर, तुमच्या इंजेक्शनने बाई वाचली." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, "मॅडम, सिव्हिलहून शिव्यांशिवाय पहिल्यांदा फोन आला." कशाने वाचली हेही रिव्ह्यूमध्ये लिहायचं असतं. ते आपण विसरतो.

तुझी ती रात्रपाळीची सिस्टर आणि रेसिडेंट, त्यांनाही बघ. बाई वाचली तरी ती रात्र त्यांच्या अंगातून उतरलेली नसते. मी एका हाउसमनला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, नंतर महिनाभर लेबर रूमच्या दाराशी घुटमळताना पाहिलंय. त्याला कोणी काही विचारलं नाही, मीही नाही. बैठकीआधी त्या दोघांना बोलावून चहा पाज आणि ऐकून घे.

आता जे सांगायला मला जड जातं, ते शेवटी.

माझ्याकडे एकदा ओपीडीत एक बाई आली. वय सव्वीस-सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी बाळंतपण झालं, तेव्हापासून पाळी आलेली नाही, दुसरं मूल हवंय. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड. मी उघडलं. इंग्रजीत दोन ओळी, रक्तस्राव झाला, गर्भपिशवी काढली. खाली सही माझी होती. ऑपरेशन मीच केलं होतं. त्या रात्री मी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, त्याचा अंगठा घेतला होता, आणि माझं काम झालं असं मला वाटलं होतं. त्याने तिला सांगितलं नव्हतं. सासूने सांगितलं नव्हतं. वॉर्डात ती नऊ दिवस होती, रोज दोनदा राउंड व्हायचा, आणि आमच्यापैकी एकीनेही तिच्याजवळ बसून ते सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती दर महिन्याला वाट बघत होती. गंडेदोरे करून झाले होते.

मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती काही बोलली नाही. कार्ड परत घडी घालून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "मग तवाच का नाही सांगितलं?" मी माफी मागितली. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही.

तुझ्या फॉर्मवर बाईच्या मुलाखतीचा रकाना आहे. बहुतेक ठिकाणी तो वॉर्डात उभ्याउभ्या भरला जातो, सासूसमोर, "काही त्रास होता का, नाही" असा. तू तसं करू नकोस. पुढच्या मंगळवारी तिला सुट्टी देणार म्हणालीस ना? त्याआधी रविवारी दुपारी जा. ओपीडी नसते, वॉर्ड शांत असतो. सासूला बाळ घेऊन व्हरांड्यात बसायला सांग. स्टूल ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बस. आधी बारशाला काय नाव ठेवणार ते विचार. मग काय झालं होतं, काय काढावं लागलं, का काढावं लागलं, पाळी येणार नाही, पुढे मूल होणार नाही, अंडाशयं जागेवर आहेत का, हे सगळं तिच्या भाषेत सांग. रडली तर रडू दे, घड्याळ बघू नकोस. मराठीत एका कागदावर लिहून तो तिच्या हातात दे, नवऱ्याच्या नाही. सहा आठवड्यांनी परत ये म्हणून तारीख घाल आणि त्या दिवशी तू ओपीडीत हजर राहा.

आणि हे सगळं झाल्यावर तिला विचार, की त्या रात्री तुला पहिल्यांदा कधी वाटलं, की काहीतरी बिघडतंय, आणि ते तू कोणाला सांगितलंस? मग ती बोलेपर्यंत थांब. वही-पेन पिशवीतच राहू दे, बाहेर येऊन लिही.

तुझी,
मॅडम

ता. क. लेबर रूममधलं घड्याळ आजच बघ. रक्तपेढीतलंही.